म्हातारपणाची उदासी: आधी पाऊल, मग मन

‘डॉक्टर, भूकच लागत नाही. पहाटे तीनला जाग येते, मग डोळ्याला डोळा लागत नाही. अंगात त्राण म्हणून राहिलेलं नाही.’ साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या या तक्रारी कोणत्याही दवाखान्यात रोज ऐकू येतात. रक्त तपासले जाते, टॉनिक दिले जाते, झोपेची गोळी लिहून दिली जाते. ‘मन कसे आहे?’ हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा विचारायचा राहून जातो. विचारला तरी ‘वय झालं आता, चालायचंच’ असे उत्तर मिळते आणि विषय तिथेच संपतो.

तो तिथे संपू नये, याला कारण आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये देशभरातील पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची मोठी पाहणी केली. ‘लासी’ या नावाने ती ओळखली जाते. तीत साठीपुढच्या व्यक्तींना ठरावीक प्रश्न विचारून पाहिले, तेव्हा ८.३ टक्के जणांमध्ये नैराश्याचा आजार असण्याची शक्यता दिसली. पण ‘तुम्हाला नैराश्य आहे, असे निदान कधी झाले आहे का?’ याला होकार देणारे होते अवघे ०.८ टक्के. म्हणजे आजाराची लक्षणे असलेल्या दहा जणांमागे जेमतेम एकाला आपल्याला काय झाले आहे, ते सांगितले गेले होते.

या आजारावर उपचार आहेत आणि ते सगळेच गोळीच्या रूपातले नाहीत. सौम्य आणि मध्यम नैराश्यात औषधाविना दिल्या जाणाऱ्या काही उपचारांची रीतसर चाचणी झालेली आहे. त्यातले महत्त्वाचे काम आपल्या शेजारी, गोव्यात झाले आहे.

उदासी की आजार?

जोडीदार गेल्यावर रडू येणे, निवृत्तीनंतर काही दिवस सुने वाटणे हे स्वाभाविक आहे. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन खिन्न राहिले किंवा कशातच गोडी वाटेनाशी झाली आणि त्याबरोबर झोप, भूक, शक्ती, एकाग्रता यांवर परिणाम झाला, तर तो आजार असू शकतो. वयस्कर माणसे ‘मी दुःखी आहे’ असे क्वचितच म्हणतात. त्यांच्या तोंडी येते ते दुखणे: पाठ धरते, छातीत धडधडते, पोट साफ होत नाही. कोणी चिडचिडे होते, कोणी अबोल. कधी विसराळूपणा इतका वाढतो, की घरच्यांना स्मृतिभ्रंशाची शंका येते.

म्हणून पहिली पायरी डॉक्टरांकडचीच. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, ‘ब १२’ जीवनसत्त्वाची कमतरता आणि काही औषधांचे दुष्परिणाम हुबेहूब नैराश्यासारखे दिसू शकतात. ऐकू कमी येणे आणि मोतीबिंदू यांनीही माणूस हळूहळू बाजूला पडतो. जे ऐकूच येत नाही, त्या गप्पांत भाग कसा घेणार? अशा वेळी श्रवणयंत्र किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हीदेखील मनाची सेवाच ठरते. ज्येष्ठांच्या नैराश्यासाठी खास बनवलेली, ‘होय-नाही’ अशी उत्तरे द्यायची पंधरा प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. ती भरायला काही मिनिटेच लागतात. तिच्यावरून निदान होत नाही, पण पुढे तपासायला हवे की नको, ते कळते.

गोळीची गरज आणि मर्यादा

नैराश्यावरची औषधे उपयोगी आहेत आणि तीव्र आजारात ती टाळून चालत नाही. पण उतारवयात हिशेब थोडा बदलतो. बऱ्याच ज्येष्ठांना रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांच्या गोळ्या आधीच सुरू असतात. त्यांत भर पडली की औषधांचा एकमेकांशी होणारा संघर्ष वाढतो. नैराश्यावरच्या काही औषधांनी या वयात रक्तातले सोडियम उतरू शकते, तोल जाऊन पडण्याचा धोका वाढू शकतो. झोपेच्या गोळ्यांचेही तसेच. सत्तरीत खुब्याचे हाड मोडले, तर काय ओढवते हे अनेक घरांनी पाहिले आहे. म्हणून सौम्य आजारात आधी औषधेतर उपचार आणि मध्यम वा तीव्र आजारात औषधांच्या जोडीला हे उपचार, असा विचार केला जातो. सुरू असलेली गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. ती कमी करायची की थांबवायची, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

इच्छेची वाट पाहू नका

या उपचारांपैकी सर्वांत साधा उपचार एका निरीक्षणावर उभा आहे. मन उदास झाले की माणूस एकेक गोष्ट सोडतो. आधी फिरायला जाणे थांबते, मग देवळात जाणे, मग फोन उचलणे. गोष्टी सुटल्या की त्यांतून मिळणारा आनंद, कौतुक, ‘आपण काहीतरी केले’ हे समाधानही सुटते. त्यामुळे मन आणखी खचते आणि आणखी काही सुटते. या चक्रात अडकलेला माणूस म्हणतो, ‘बरं वाटलं की जाईन.’ पण बरे वाटण्याचे रस्तेच बंद झालेले असतात, त्यामुळे तो दिवस उजाडत नाही.

उपचारात हा क्रम उलटा केला जातो. इच्छा होण्याची वाट न पाहता आधी कृती ठरवायची, ती छोटी ठेवायची, वेळ नेमायची आणि केल्यावर मनाला कसे वाटले ते टिपून ठेवायचे. इंग्रजीतल्या नावाचे शब्दशः भाषांतर करण्यापेक्षा याला ‘कृतीतून उभारी’ म्हणू.

समजा, एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक गेले चार महिने घराबाहेर पडलेले नाहीत. त्यांना ‘रोज तासभर फिरा’ असे सांगून काही होणार नाही. पहिल्या आठवड्यात फक्त सकाळी सातला दाढी-आंघोळ उरकून अंगणात खुर्ची टाकून चहा घ्यायचा. दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावरून दूध आणायचे. तिसऱ्या आठवड्यात जुन्या सहकाऱ्याला बुधवारी फोन करायचा. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर मनाला दहापैकी किती गुण, ते वहीत लिहायचे. दोन-तीन आठवड्यांत वहीच सांगू लागते, की कोणत्या गोष्टीने मन थोडे का होईना वर येते. त्या गोष्टी वाढवायच्या.

हे ऐकायला अगदीच किरकोळ वाटते. पण गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या ४९५ रुग्णांवर याच पद्धतीची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण १८ ते ६५ या वयाचे होते आणि त्यांचे नैराश्य बऱ्यापैकी तीव्र होते. सहा ते आठ भेटींच्या या उपचारानंतर तीन महिन्यांनी ६४ टक्के जणांची लक्षणे आटोक्यात आली होती; नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. ब्रिटनमध्ये पासष्टीपुढच्या ७०५ जणांवर झालेल्या चाचणीत हेच तंत्र मुख्यतः फोनवरून वापरले गेले. लक्षणे सौम्य असलेल्या त्या ज्येष्ठांनाही चार महिन्यांनी फायदा दिसला.

‘आता तुम्ही आराम करा’

इथे आपल्या घरांकडे जरा निरखून पाहायला हवे. वय झाले की आपण मायेनेच आई-वडिलांच्या हातातली कामे काढून घेतो. ‘आई, तू कशाला ओट्याशी उभी राहतेस?’, ‘बाबा, वीजबिल मी मोबाइलवरून भरतो.’ हेतू चांगला असतो. पण निवडायची मेथी, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणे, तुळशीला पाणी, बँकेच्या पासबुकावरची नोंद, या कामांनी दिवसाला आकार असतो. ती गेली की सकाळ आणि संध्याकाळ यांत फरक उरत नाही. आपण ज्याला आराम म्हणतो, तो उदास माणसासाठी त्या चक्राचा आणखी एक फेरा असतो.

झेपेल असे आणि खरोखर गरजेचे एखादे काम त्यांच्याकडे राहू द्यावे. मन रमावे म्हणून उगाच दिलेले काम त्यांना लगेच ओळखू येते. भाजी थोडी जाड चिरली गेली तर चालेल, पण ती त्यांनी चिरलेली असावी. याचा अर्थ त्यांच्यामागे लागावे, असा नाही. ‘मनावर घ्या, सगळं ठीक होईल’, ‘तुम्हाला काय कमी आहे?’ ही वाक्ये उदास माणसाला अपराधी वाटायला लावतात. त्यापेक्षा ‘चला, मी पण येतो, कोपऱ्यापर्यंतच जाऊ’ हे अधिक कामाचे.

प्रश्नांची वही

दुसरा उपचार आहे प्रश्न सोडवण्याच्या सवयीचा. उतारवयातल्या उदासीमागे बऱ्याचदा अगदी ठोस अडचणी असतात: पेन्शन अडकली आहे, गुडघ्यामुळे जिना उतरता येत नाही, सुनेशी बोलणे बंद आहे. उदास मनाला या सगळ्यांचा एकच गोळा दिसतो. समुपदेशक तो सोडवायला शिकवतात. अडचण एका वाक्यात लिहायची. काय झाले म्हणजे बरे वाटेल, ते ठरवायचे. सुचतील ते सारे मार्ग, वेडेवाकडे असले तरी, लिहून काढायचे. प्रत्येकाचे फायदे-तोटे पाहून एक निवडायचा, आठवडाभर करून बघायचा आणि जमले नाही तर दुसरा घ्यायचा. गुडघे बरे होणार नसतील, पण तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे आठवड्यातून दोनदा संध्याकाळी बसण्याची सोय होऊ शकते. असा एक प्रश्न सुटला की ‘माझ्या हातात काहीच नाही’ ही भावना सैल होते.

गोव्यातली ‘संगाथ’ ही संस्था आणि गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अमित डायस यांच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीचा हाच गाभा होता. साठीपुढच्या १८१ जणांची त्यात निवड झाली. त्यांच्यात उदासीची लक्षणे होती, पण पुरता आजार जडलेला नव्हता. निम्म्या लोकांना प्रश्न सोडवण्याची पद्धत, झोप सुधारण्याच्या सवयी आणि मधुमेहासारख्या दुखण्यांत स्वतःची काळजी कशी घ्यावी, हे शिकवले गेले. सरकारी योजनांचा लाभ मिळवायलाही मदत झाली. वर्षभरात या गटातल्या ९१पैकी चौघांना नैराश्याचा आजार जडला. नेहमीची सेवा मिळालेल्या ९०पैकी तेरा जणांना तो जडला. आकडे लहान आहेत, त्यामुळे मोठ्या चाचण्या हव्यात. तरीही आजार होण्याआधीच त्याला अडवता येऊ शकते, हे त्यातून पुढे आले.

देणारे कोण?

गोव्यातल्या या दोन्ही चाचण्यांमध्ये उपचार देणारे मनोविकारतज्ज्ञ नव्हते. ती होती प्रशिक्षण घेतलेली, देखरेखीखाली काम करणारी साधी माणसे. तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञ मिळणे कठीण असलेल्या आपल्या देशात याचे मोल मोठे आहे.

आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेत तर हे काम आज्यांनी उचलले. तिथले मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी वस्तीतल्या वयस्कर आरोग्यसेविकांना प्रश्न सोडवण्याची हीच पद्धत शिकवली आणि दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक मांडला. त्या भाषेत नैराश्याला जवळचा शब्द आहे ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अतिविचार. ‘फ्रेंडशिप बेंच’ नावाच्या या उपक्रमाची ५७३ जणांवर चाचणी झाली. सहा महिन्यांनंतर बाकावर बसून बोललेल्यांपैकी १३.७ टक्के जणांत नैराश्य उरले होते. दुसऱ्या गटात ४९.९ टक्के. येणारे बहुतेक तरुण वा मध्यमवयीन होते आणि ऐकून घेणाऱ्या आज्या. म्हातारी माणसे फक्त मदत घेणारी नसतात, ती उत्तम मदत करणारीही होऊ शकतात. आपल्याकडच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि विरंगुळा केंद्रांनी यावर विचार करायला हरकत नाही.

पाय चालले की

व्यायामाबद्दल आपण नुसते ‘चांगला असतो’ म्हणून सोडून देतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पन्नाशीपुढच्या, नैराश्याचा आजार असलेल्या १५६ जणांचे तीन गट केले गेले. एका गटाला औषध, दुसऱ्याला आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखीच होती. औषधाने गुण लवकर दिला, व्यायामाने थोडा उशिरा. पुढच्या पाठपुराव्यात मात्र व्यायाम करणाऱ्यांत आजार उलटण्याचे प्रमाण कमी आढळले.

सुरुवात पाच-दहा मिनिटांच्या चालण्यानेही चालते. हृदयविकार, चक्कर किंवा तोल जाण्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. गुडघे साथ देत नसतील, तर खुर्चीत बसून हात-पाय हलवण्याचे व्यायाम आहेत. सकाळच्या उन्हात आणि सोबतीने चालल्यास उत्तम. मुंबईत १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी बागेत सुरू केलेला हास्य क्लब आज गावोगावी पोहोचला आहे. तेहरानमध्ये नैराश्य असलेल्या वयस्कर स्त्रियांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात हास्ययोग आणि सामूहिक व्यायाम या दोन्हींनी सारखाच फायदा झाला होता. तेव्हा हसणे कृत्रिम वाटते म्हणून नाक मुरडू नये. रोज ठरल्या वेळी घराबाहेर पडणे आणि चार माणसांत मिसळणे, हे त्यात आपोआप घडते.

झोपेचे चार नियम

गोव्यातल्या ज्येष्ठांना झोपेच्याही सवयी शिकवल्या होत्या, त्या अशा. रात्री कशीही गेली तरी रोज एकाच वेळी उठायचे. डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणावर जायचे नाही. बराच वेळ झोप येत नसेल, तर उठून दुसरीकडे बसायचे आणि पेंग आली की परतायचे. अंथरुणावरचा एकूण वेळ कमी करायचा. रात्री आठला पाठ टेकून पहाटे तीनला जाग आली, तर सात तास झालेलेच असतात. दुपारची लांब डुलकी रात्रीच्या झोपेतून वजा होते, हेही ध्यानात ठेवावे.

आठवणींना जागा

‘बाबा तेच तेच सांगतात’ अशी तक्रार घरोघरी असते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३मध्ये मांडले, की मागे वळून पाहणे हा भ्रमिष्टपणा नसून आयुष्याचा हिशेब जुळवण्याचा उतारवयातला स्वाभाविक प्रयत्न आहे. यातूनच आठवणींवर आधारलेले उपचार विकसित झाले. त्यात बालपण, पहिली नोकरी, संसार, संकटे असे टप्पे घेऊन क्रमाने बोलते केले जाते. जुने फोटो, लग्नपत्रिका, रेडिओवरची गाणी यांची मदत घेतली जाते. भर असतो तो अडचणी कशा निभावल्या यावर. घरी करायचे तर नातवंडाने आठवड्यातून एकदा मोबाइलवर आजीचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. मात्र मोठा आघात किंवा अपराधीपणाची भावना वर येत असेल, तर हे काम प्रशिक्षित समुपदेशकाकडेच सोपवावे.

इथे थांबू नका

या उपचारांना मर्यादा आहेत. खाणे-पिणे जवळजवळ बंद होणे, वजन झपाट्याने उतरणे, भास होणे, ‘मी गेलो तर बरं’, ‘तुमच्यावर भार झालोय’ असे बोलणे किंवा अचानक निरवानिरव करू लागणे, ही तातडीची लक्षणे आहेत. तेव्हा त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाला दाखवावे. ‘जिवाचं बरं-वाईट करावंसं वाटतं का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. घरातली औषधे आणि शेतीची कीटकनाशके कुलपात ठेवावीत, माणसाला एकटे सोडू नये. अशा तीव्र आजारात औषधे लागतात. ‘शॉक’ म्हणून बदनाम झालेला विद्युत उपचारही, आता भूल देऊन केला जाणारा, ज्येष्ठांमध्ये खूप गुणकारी ठरतो.

मदतीसाठी केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते आणि मराठीत बोलता येते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ आहे. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाअंतर्गत तपासणी होते.

तोवर घरात एक गोष्ट आजच करता येईल. आपल्या आई-वडिलांनी, सासू-सासऱ्यांनी गेल्या सहा महिन्यांत काय काय करायचे सोडले, याची यादी त्यांच्याबरोबर बसून करा. त्यातली सर्वांत सोपी एक गोष्ट त्यांनाच निवडू द्या. उद्याची वेळ ठरवा आणि पहिले चार दिवस त्यांच्याबरोबर जा.